पुसता येईल अशी गिटार

माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि ती गिटार वाजवते. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की आमच्याकडचे लोक आधी माझ्याकडे बघतात. घरी काही कमी आहे का, असा तो बघण्याचा अर्थ असतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला काहीही वाजवता येत नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही गिटारीची पहिली तार वरची की खालची हे मला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. तरी गिटारीविषयी ठाम मतं आमच्या घरात फक्त मलाच आहेत. तिला ड्यूटीमुळे मतं बाळगायला वेळ होत नाही.

आम्ही दोघंही मूळचे वरोऱ्याचे. तिथल्या विहारात जयंतीच्या आधी महिनाभर गाण्यांची तालीम चालायची. पेटी, ढोलकी, खंजिरी असा सगळा जुना सरंजाम होता. एका वर्षी मंडळातल्या पोरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी नागपूरहून गिटार आणली. ती वाजवणारा पोरगा पुढं नोकरीला पुण्याकडे गेला आणि गिटार विहारातल्या कपाटावर जाऊन पडली. हिनं ती एक दिवस खाली काढली आणि कोणाला न विचारता शिकून टाकली. नर्स झाल्यावर पहिल्या पगारातून तिनं स्वतःची घेतली. माझ्या आईला वाटलं होतं, पोरगी पहिल्या पगाराचं मंगळसूत्र नाहीतर निदान कपाट तरी घेईल. आई ते अजूनही बोलून दाखवते, पण हल्ली हसून.

नोकरीनं आम्हाला गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्याही पुढं आणून टाकलं. तालुक्याचं गाव, सरकारी क्वार्टर, मागं सागाची झाडं आणि समोरून रस्ता. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज भरून निघालेले ट्रक त्या रस्त्यानं दिवसभर जातात. सकाळी झाडून घेतलेल्या ओसरीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं, तेही लाल अक्षरात. हिची ड्यूटी मुलांच्या वॉर्डात. गिटार घरी असायची आणि सुट्टीच्या दिवशी वाजायची. ती दवाखान्यात जायचं काहीच कारण नव्हतं.

ती गेली एका मुलीमुळे. नऊ-दहा वर्षांची, आतल्या एका गावातली माडिया आदिवासी मुलगी. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात कितीतरी घरांत आईवडिलांकडून मुलांकडे येणारा हा रक्ताचा आजार. पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं दुखायला लागतात, इतकी की मोठा माणूसही ओरडतो. मग दवाखाना, सलाईन, चार-सहा दिवस मुक्काम आणि पुन्हा घर. ही मुलगी दर थोड्या दिवसांनी यायची, आणि सुई दिसली की हात काखेत घालून भिंतीकडे तोंड करायची. तिच्या नसा आधीच बारीक, त्यात टोचून टोचून रुसलेल्या. तो हात काखेतून काढायला दोन-तीन जणी लागायच्या. हे घरी सांगताना बायको जेवता जेवता थांबायची.

एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हिला जबरदस्तीनं वाजवायला बोलावलं, आणि तिथूनच तिला थेट ड्यूटीवर जावं लागलं. गिटार पाठीवर होती, ती तशीच वॉर्डात गेली. मुलगी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. हिनं सहज दोन तारा छेडल्या तर ती वळली. मग जवळ येऊन तिनं हिच्या कोपरामागून बाहेर राहिलेल्या गिटारीच्या पाठीला गाल लावला आणि डोळे मिटले. लाकूड आतून थरथरतं ते तिला गालावर कळत होतं. हिनं वाजवत ठेवलं, दुसऱ्या सिस्टरनं हात मागितला, आणि मुलीनं तो दिला. गाल न उचलता.

तेव्हापासून मुलगी भरती झाली की गिटार वॉर्डात जायला लागली. बाकीची पोरंही जमायची. कोणी तारा ओढायचं, कोणी आत गोटी टाकायचं, सर्दीवालं एखादं पोरगं गिटारीच्या भोकात तोंड घालून ओरडायचं. बायकोला मजा यायची आणि वॉर्डाच्या मॅडमला घाम फुटायचा. मॅडम म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या सिस्टर. प्रेमळ बाई, पण जंतूंच्या बाबतीत त्यांच्या अंगात येतं. दाराची कडी त्या पदरानं उघडतात.

त्यातून गिटारीचं झालं होतं असं की आमच्याकडच्या दोन पावसाळ्यांनी तिच्या अंगावरचं मूळचं लॅकर सोललं होतं. जुन्या भिंतीचा चुना सुटावा तसे पापुद्रे निघायचे. पाठीकडची बाजू, जिथं मुलगी गाल टेकवायची, तिथं तर उघडं लाकूड होतं आणि त्यावर गालाच्या आकाराचा मळकट डाग पडला होता. मॅडमनी एक दिवस तो पाहिला.

"सिस्टर, हे काय हाय?"

"डाग हाय मॅडम. पोरीच्या गालाचा."

"गालाचा, लाळेचा, शेंबडाचा. हे लाकूड सगळं पिऊन राह्यलं. उद्या दुसरं पोरगं त्याच्यावरच तोंड ठेवंल. पुसता येत असंल तं आणा. नाई तं घरी ठेवा."

बायको घरी येऊन हे सांगताना चिडली नव्हती. मॅडमचं बरोबर आहे, म्हणाली. पण मुलगी पावसाळ्यात जास्त वेळा येते, त्याआधी काहीतरी करायला पाहिजे. गिटार नसली तर पुन्हा ते धरणं आणि ओढणं आलं. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि मी बनियानवर बसून आंबा खात होतो. घरात रिकामा मी एकटाच होतो.

मी जबाबदारी घेतली. घेतली म्हणजे काय, ओढून घेतली. गिटारीवर कोणता पारदर्शक लेप द्यावा हा प्रश्न मला विज्ञानाचा वाटला, आणि विज्ञानाचा प्रश्न दुसऱ्या कोणी सोडवलेला मला आवडत नाही.

चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत लाकडाविषयी मत नसलेला माणूस सापडणं कठीण. सागाच्या जंगलात राहतो, दार साग, पलंग साग, देव्हारा साग, आणि प्रत्येकाच्या घरी एकदा तरी पॉलिशवाला येऊन गेलेला. त्यामुळे मी नुसतं तोंड उघडलं की सल्ला मिळायचा. माझा साळा सूरजागडला खाणीच्या मशिनरीवर काम करतो. तो म्हणाला, "भाऊजी, आमच्याकडं दोन डब्यांचा कोट येते. एक रंग, एक हार्डनर. लोडरच्या बकेटीले मारतात. दगड पडला तरी खरचटत नाई." मी म्हटलं, गिटारीत दगड भरायचे नाहीत. तो म्हणाला, "पोरं भरतीन नं." मोहर्लीच्या रिसॉर्टमध्ये कामाला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर सांगितलं की तिथं उघड्यावरच्या लाकडी जिन्याला जे वार्निश मारतात ते ऊन-पाऊस-माकड सगळं सोसतं. माझ्या सासऱ्यांचं म्हणणं, जवसाचं तेल चोळा, बैलगाडीला तेच चोळायचे, गाडी अजून आहे. बैल नाहीत, गाडी आहे.

शेवटी मी गिटार घेऊन चंद्रपूरला फर्निचरच्या गल्लीत गेलो. तिथल्या पॉलिशवाल्या भाऊंनी ती हातात घेतली, उलटी केली आणि बोटानं ठोकली.

"सर, पोकळ हाय हे."

"गिटार आहे भाऊ."

"असंल. पण पोकळ हाय. माल कमी लावला यायनं." मग ते तज्ज्ञाच्या थाटात म्हणाले, "पीयू मारा. जाड हात. काचेवानी होते. तोंड दिसंल तुमचं."

पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, वाळल्यावर प्लास्टिकसारखा टणक होणारा लेप. मला गिटारीत माझं तोंड बघायचं नव्हतं. शिवाय मी तोवर इंटरनेटवर इतकं वाचून आलो होतो की भाऊंशी माझं जमणं शक्य नव्हतं. जाड थर आवाज मारतो, लाकडाला हलू देत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. आणि एका ठिकाणी असं वाचलं की पूर्वीपासून नामांकित कारागीर गिटारीला पातळ लाखेचं पॉलिश देतात. स्पिरिटात विरघळवलेली लाख, कापसाच्या पोटलीनं घासून घासून चढवायची.

लाख! वाचताच मी खुर्चीतून उठलो. लाख तर आमच्याच पळसावर, आमच्याच कुसुमाच्या झाडावर होते. जगातल्या भारी गिटारींच्या अंगावर आमचं जंगल चढलेलं आहे आणि आम्ही इथं बसून लोडरच्या बकेटीचा रंग शोधतोय. मी संध्याकाळी बायकोला हे सगळं हातवारे करत सांगितलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती.

"पुसता येते का?" तिनं विचारलं.

"अशी चमक येते म्हणे की..."

"चमक नाई इचारली मी. पुसता येते का?"

"येते की. ओल्या फडक्यानं पुसायची."

"मंग करा," ती म्हणाली आणि माझ्या बनियानची घडी घातली.

एवढाच संवाद. पुढं जे झालं त्याचा दोष कोणाचा हे ठरवायला आम्ही दोघांनीही हा संवाद नंतर कितीदा उकरून काढला आहे.

आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या बाईकडे काड्यांवरची लाख मिळाली. मोठ्या अभिमानानं ती घरी आणली, पाण्यात घासली, वाटली, गाळली. तीन भांडी कायमची लाल झाली आणि हातात आला तो चिखल. तेव्हा गुपचूप पुन्हा चंद्रपूरला जाऊन त्याच पॉलिशवाल्या भाऊंकडून तयार चपडी घेतली. चपडी म्हणजे लाखेचे स्वच्छ केलेले पातळ तुकडे. आमच्या जंगलातली लाख कुठं कुठं फिरून, धुऊन-पुसून, पुडीत बसून परत आली होती. भाऊ पुडी जरा जास्तच हळू बांधत राहिले. सोबत त्यांनीच एक बाटली स्पिरिट दिलं.

आता गडचिरोली दारूबंदीचा जिल्हा. वैनगंगा ओलांडली की बाटली या वस्तूकडे बघण्याची लोकांची नजरच बदलते. आष्टीच्या पुलाजवळ त्या दिवशी तपासणी चालू होती. माझ्या स्कूटरच्या डिकीतून ती बाटली निघाली तेव्हा समोर उभा असलेला पोलीस माझ्याच शाळेतल्या एका पोराचा बाप निघाला.

"सर, तुमीबी?" त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं.

"पॉलिशचं स्पिरिट आहे हो. वास घेऊन पाहा."

त्यानं घेतला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. "कोनत्या कामाले?"

"गिटारीला लावायला."

"गिटार पेते का?" मागून दुसऱ्यानं विचारलं, आणि सगळा पूल हसला. मी लाख, पळस, नामांकित कारागीर असं सगळं समजावून सांगायला लागलो. अर्ध्यातच त्यांनी हात जोडले आणि जा म्हणाले. विज्ञानाच्या शिक्षकाला मधेच जाऊ देतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मग सुरू झालं घासणं. आधी जुने पापुद्रे आणि तो गालाचा डाग पॉलिश पेपरनं काढला. मग पोटली स्पिरिट-लाखेत बुडवायची, पिळायची आणि गोल गोल फिरवायची. एक हात, वाळू द्यायचं, दुसरा हात. चंद्रपूर-गडचिरोलीचं ऊन कोणाच्या कामी आलं असेल तर ते माझ्या. लाख बघता बघता सुकायची. मी सकाळी लागायचो तो जेवायच्या हाकेपर्यंत. बायको ड्यूटीवरून आली की दारातच नाक उडवायची. "अवो, घरी बी वॉर्डाचाच वास येऊन राह्यला," म्हणायची. "तिकडं दिवसभर स्पिरिट, इकडं बी स्पिरिट." मी हसायचो, तीही हसायची. दोघांच्याही डोक्यात पुढचा प्रकाश पडला नाही.

आणि गिटार झाली मात्र देखणी. मधाच्या रंगाची, आतून उजेड आल्यासारखी. हिनं तारा चढवल्या, सूर लावले आणि एक गाणं वाजवलं. वाजवून झाल्यावर थोडा वेळ तिचा हात तारांवर तसाच होता. "चांगली वाजते," ती म्हणाली. "पयल्यापेक्षा चांगली." बायको माझं कौतुक करते ते भाजीच्या मिठासारखं, मोजून. त्यामुळे मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगत नाही. खूप आनंद झाला, एवढं पुरे.

दुसऱ्याच दिवशी ती गिटार घेऊन ड्यूटीवर गेली. संध्याकाळी परत आली, बूट काढले, गिटार माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि आत गेली.

गिटारीच्या पाठीला दाढी आली होती. पांढरे कापसाचे तंतू लाखेत रुतून बसलेले. मधे एक बोळा अख्खा चिकटलेला. कडेला छोट्या छोट्या बोटांचे ठसे, अगदी रेषांसकट, जणू कोणी आधार कार्ड काढायला बसवलं होतं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

ती दारात येऊन उभी राहिली. "मॅडमसमोर पुसून दाखवली. म्या म्हटलं, पाहा मॅडम, कशी पुसल्या जाते. आन् बोळा तिथीच बसला." मग तिनं मला माझ्याच वर्गातल्या आवाजात विचारलं, "सर, लाख कशात इरघळते?"

मी आठवीला द्रावण, द्राव्य आणि द्रावक दरवर्षी शिकवतो. मीठ पाण्यात, साखर पाण्यात, आणि पाण्यात न विरघळणारी काही द्रव्ये अल्कोहोलमध्ये. पोरांकडून दोनदा म्हणवून घेतो. महिनाभर लाख स्पिरिटात विरघळवत बसलो होतो, आणि ती गिटार अशा जागी पाठवली जिथं वाऱ्यालाही स्पिरिटाचा वास. वॉर्डात ओलं फडकं कोण वापरतं? तिथं बोळा. आणि गिटारीला हात लावायच्या आधी प्रत्येक पोराच्या तळव्यावर मॅडम सॅनिटायझर घालतात. त्या हातांनी सगळ्यांनी एकेकदा माझी लाख दाबून पाहिली होती.

"पण तूही रोज त्यातच हात बुडवतेस," मी म्हटलं. "तुलाही सुचलं नाही."

"मले वाटलं तुमाले सुचलं असंल," ती म्हणाली. "तुमी सायन्सवाले."

इथवर दोघांनाही हसू येत होतं. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "थे पोरगी आजच आली. दोन्ही पाय दुखून राह्यले होते. गिटार अशी झाली म्हून मॅडमनं बाजूले ठेवाले लावली. तिनं पाह्यलं तिकडं, आन् हात काखेत घातला. आमी चौघीनं धरलं तिले." तिनं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तिथं नखाचा ओरखडा होता. "ओरडली बी नाई आज. नुसती धरून होती." मी चहा ठेवला आणि त्यात साखर घालायची विसरलो, आणि तिनं तो तसाच प्यायला.

सकाळी मी गिटार घेऊन ओसरीवर बसलो. काढायला सोपं होतं. ज्यानं चिकटलं त्यानंच निघणार. पण कडेच्या त्या बोटांच्या ठशांपाशी माझा हात थांबला. कशा नाजूक रेषा होत्या. मी बायकोला हाक मारली आणि म्हटलं, एवढा भाग ठेवूया का? आठवण म्हणून. वरून पातळ काहीतरी मारता येईल.

ती कमरेला पदर खोचून आली आणि वाकून पाहिलं. "कोनाची आठवन?"

"पोरांची."

"हा पयला ठसा हाय नं, त्याले कांजण्या निघाल्या काल," ती म्हणाली. "घासा."

मी घासलं.

या वेळी पीयूच. पॉलिशवाल्या भाऊंना फोन केला, ते "बरं" म्हणाले. एवढंच. बरं या शब्दात माणूस किती काय बसवू शकतो हे त्या दिवशी कळलं. खरं तर सगळं त्यांचंही बरोबर नव्हतं. त्यांनी सांगितलेला जाड हात मारला असता तर गिटारीचा पाट झाला असता. मी पातळ करून, मऊ ब्रशनं, आवाजाच्या बाजूला कमीत कमी आणि गालाच्या बाजूला जरा जास्त, असं ठरवलं. कोणतं बरोबर हे इंटरनेटला विचारलं नाही. बायकोला विचारलं. तिनं गिटार मांडीवर घेऊन जिथं जिथं पोरांचे हात, गाल आणि नाकं लागतात ती ठिकाणं खडूनं दाखवली. समोरचा एक छोटासा तुकडा सोडला तर जवळजवळ सगळी गिटार खडूनं भरली.

आता अडचण आली ती धुळीची. पीयू वाळायला वेळ घेतं, आणि आमच्या दारातून सूरजागडचा डोंगर ट्रकमध्ये बसून रोज जातो. पहिला हात मारून गिटार खोलीत टांगली तर तासाभरात तिला गोवर आल्यासारखी लाल बुंदकी उठली. पुन्हा घासली. मग युक्ती केली. पलंगाच्या चारी बाजूंनी मच्छरदाणी लावली, मच्छरदाणीवर ओल्या चादरी टाकल्या आणि आत गिटार दोरीनं टांगली. लेप द्यायला मीही आत शिरायचो, दिवसाउजेडी, कच्छा आणि बनियानवर, हातात ब्रश. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि साखर न घेताच गेल्या. आम्ही दोघं ते दिवस गादी ओढून जमिनीवर झोपलो. साळा आला तेव्हा पलंगावर गिटार आणि खाली बहीण हे बघून म्हणाला, "भाऊजी, आमच्या घरी बी हिले एवढं नाई जपलं." शेवटच्या हातातही पाच-सहा लाल कण राहिलेच. ते काढायचा मी नाद सोडला.

लेप पुरता टणक व्हायला दिवस जाऊ द्यावे लागतात. ते गेल्यावर मी परीक्षा घेतली. स्पिरिटचा बोळा फिरवला, सॅनिटायझर ओतून ठेवलं, साबणाचं पाणी, फिनाइल, एकदा तर चहा. पुसलं की झालं, काही चढत नव्हतं, काही सुटत नव्हतं. बायको शेवटी म्हणाली, "पुरे नं. तिच्यावर ऑपरेशन नाई करायचं." मग तिनं वाजवून पाहिली. आवाज लाखेच्या वेळचा नव्हता. कुठंतरी आत दार लोटून घेतल्यासारखा. मला वाईट वाटलं आणि मी ते बोललो.

"हो, कमी झाला थोडा," ती म्हणाली. "मलेबी आवडला होता थो आवाज." तिनं गिटार उलटी करून पाठीवरून तळवा फिरवला. "पण थे पोरगी कानानं ऐकतच नाई."

मुलगी आली ती पाऊस लागून बरेच दिवस झाल्यावर. शाळा सुटून मी घरी येतो न येतो तोच बायकोचा फोन आला, गिटार घेऊन या. मी स्कूटरवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती नेली. वॉर्डाच्या दारात मॅडमनी आधी मला चपला काढायला लावल्या, मग गिटार हातात घेऊन स्वतः बोळ्यानं पाठ पुसली, बोळा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. पांढराच होता. "हं," त्या म्हणाल्या आणि गिटार बायकोकडे दिली. मला वाटलं त्या माझ्याशी काही बोलतील, पण त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. माझे पाय ओले होते.

मुलगी खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. शेजारी तिची आई. हात काखेत. बायकोनं खाटेच्या कडेला बसून गिटार मांडीवर घेतली आणि हळू वाजवायला लागली. मुलीनं मान वळवली, पण पुढं आली नाही. गिटार तिला ओळखू येत नव्हती. ही चकचकीत होती, पाठीवर तिच्या गालाचा डाग नव्हता, आणि मागच्या वेळी काय झालं ते तिला आठवत असणार. तिनं एक बोट लावून पाहिलं आणि बोट मागं घेतलं. मी दाराशी उभा होतो आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पलीकडे दुसरी सिस्टर ट्रे घेऊन थांबली होती, सुई कापडाखाली झाकून.

बायको वाजवत राहिली. तिनं हात मागितला नाही.

बऱ्याच वेळानं मुलगी कोपरावर उठली. दुखत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला. सिस्टर पुढं झाली तशी बायकोनं मानेनं नको म्हटलं. मुलीनं तो बोळा गिटारीच्या पाठीवर टेकवला आणि आतून बाहेर, गोल गोल, सावकाश फिरवला, जसा तिच्या हातावर दर वेळी फिरवतात तसा. मग वाकून त्या जागेवर फुंकर घातली. वाळेपर्यंत घालत राहिली. आणि हळूच गिटारीला थोपटून माडियात काहीतरी म्हणाली.

आई हसली. तिनं आमच्याकडे बघून मराठीत सांगितलं, "दुखत नाई म्हून सांगून राह्यली त्याले."

मग मुलीनं तिथं गाल टेकवला आणि हात पुढं केला.